देव एक की तीन, आणि बाप्तिस्मा परत घ्यायचा का?

प्रिय बहिणी, सप्रेम सलाम.

आधी बाकीच्या वाचकांना तुझं पत्र थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ही बहीण नंदुरबार जिल्ह्यात शाळेत शिकवते. माहेर नवापूरकडचं, घरात मावची बोलतात, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती घर. चौदाव्या वर्षी गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने हिचा बाप्तिस्मा झाला. लग्न होऊन शहाद्याकडे आली आणि आता सासरचे सगळे एका नव्या प्रार्थना सभेला जायला लागलेत. तिथला प्रचारक सांगतो की त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही आपली शिकवण) म्हणजे सरळ सरळ तीन देव, ते ३२५ साली रोमच्या बादशहाने घुसवलं, देव एकच आणि त्याचं नाव येशू, तोच पिता तोच पुत्र तोच आत्मा, जसा एकच माणूस घरी बाप असतो, शाळेत सर असतो आणि आईपुढे मुलगा असतो. म्हणून हिचा बाप्तिस्मा बाद, नाताळाच्या आत 'येशूच्या नावात' परत घे, असा सासूबाईंचा आग्रह. नवरा गप्प. शाळेत एक मॅडम प्रेमानेच म्हणाल्या की तुमचं त्रैक्य म्हणजे आमचा दत्तच की. शिपाई काकांनी अहिराणीत सरळच विचारलं, "तुमना तीन देव शेतस का?" आणि सात वर्षांच्या मुलीने झोपताना विचारलं, मम्मी, तिघांना वेगवेगळी प्रार्थना करायची का? पत्राच्या शेवटी ती लिहिते, "ताई, मला आता प्रार्थना करतानाच अडखळायला होतं, नाव कोणाचं घेऊ कळत नाही."

बहिणी, बाकी सगळ्या वादापेक्षा मला तुझ्या त्या शेवटच्या वाक्याचं जास्त टेन्शन आलं. म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, कारणं नंतर. तू एकाच देवाला मानतेस, लहानपणापासून मानत आलीस. आणि तुझा बाप्तिस्मा झालेला आहे, तो परत घ्यायची काही गरज नाही.

आता कारणं. सुरुवात त्या ३२५ पासूनच करू, कारण हे वाक्य वॉट्सअॅपवर इतकं फिरतं की चांगली शिकलेली माणसं पण दबकतात. त्या साली काँस्टंटाईन बादशहाने निकियाला बिशपांची परिषद बोलावली हे खरं आहे. निकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, तीनशेच्या आसपास बिशप जमले होते. पण भांडण काय होतं? देव एक की तीन हे नव्हतंच. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा वडीलधारा पाळक शिकवायचा की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, सगळ्यात श्रेष्ठ पण तरी निर्मितीच, आणि एक वेळ अशी होती की तो नव्हता. परिषदेने सांगितलं की नाही, पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे. आता तूच विचार कर, एरियसचं मान्य केलं असतं तर काय झालं असतं? ख्रिस्ती लोक एका खऱ्या देवाच्या बाजूला एका छोट्या, बनवलेल्या देवाला बसवून त्याची पण भक्ती करत राहिले असते. म्हणजे दोन देव. निकियाने ते होऊ दिलं नाही. देवाचं एकत्व राखायलाच 'एकतत्त्व' हा शब्द आला.

आणि बादशहाने घुसवलं म्हणतात ना, तर पुढचं बघ. त्याच काँस्टंटाईनने दहा वर्षांनी, ३३५ मध्ये, निकियाच्या बाजूने सगळ्यात जोरात लढणाऱ्या अथनेशियसला हद्दपार केलं. ३३७ मध्ये मरणाच्या आधी बादशहाने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेदियाच्या युसेबियसच्या हातून, म्हणजे एरियसच्या बाजूच्या बिशपच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघड दुसऱ्या पक्षाचा. अथनेशियस आयुष्यात पाच वेळा हद्दपार झाला. बादशहाच्या जोरावर टिकलेली शिकवण अशी असते का?

त्याच्या आधीचं पण आहे. निकिया ज्या बिथुनिया प्रांतात होतं, त्या प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने ११२ च्या सुमारास बादशहा ट्रेजनला लिहिलं की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं गातात. दोनशे वर्षं आधी! प्लिनी काही आपला माणूस नव्हता, तो तर त्यांना शिक्षा देत होता, म्हणून त्याची साक्ष मला जास्त मोलाची वाटते. १५५ च्या आसपास जस्टिन शहीद रोममध्ये बाप्तिस्म्याचं वर्णन करतो त्यात पिता, तारणारा येशू ख्रिस्त आणि पवित्र आत्मा तिन्ही आहेत.

पण बहिणी, इतिहासाने डोकं शांत होतं, प्रार्थनेतलं अडखळणं जात नाही. त्यासाठी आपल्याला अजून मागे जावं लागेल, करिंथला.

करिंथ हे मोठं व्यापारी शहर, गल्लोगल्ली देवळं. तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी येशूचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषित पौलाला पत्र लिहून विचारलं की मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचं मांस खायचं का नाही. म्हणजे बघ, जो प्रश्न आपल्याकडे श्रावणात आणि गणपतीत दर घरात निघतो, शेजारणीने आणून दिलेला प्रसाद घ्यायचा की नाही, तोच प्रश्न. आणि पौल त्याचं उत्तर देता देता काय लिहून जातो? एकच देव आहे, पिता, ज्याच्यापासून सगळं आहे, आणि एकच प्रभू आहे, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सगळं आहे. पहिलं करिंथकर, आठवा अध्याय, सहावं वचन. आज रात्री काढून वाच.

हे वाक्य लिहिणारा माणूस यहुदी होता, कट्टर परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. धार्मिक यहुदी रोज सकाळी आणि संध्याकाळी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं ते वचन म्हणायचे, हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर एकच परमेश्वर आहे. एका शास्त्र्याने येशूला सगळ्यात मोठी आज्ञा कोणती विचारलं तेव्हा येशूने पण हेच म्हणून दाखवलं, मार्कचा बारावा अध्याय. तर पौलाने तेच रोजचं म्हणणं घेतलं, देव आणि प्रभू (ग्रीकमध्ये 'परमेश्वर'च्या जागी 'प्रभू' येतं) हे त्यातलेच दोन शब्द घेतले, आणि त्या एकत्वाच्या आत येशूला ठेवलं. बाहेर नाही ठेवलं. 'एकच देव, आणि शिवाय येशू' असं त्याने लिहिलं नाही. आणि हे कधीचं आहे? ५५ च्या आसपासचं, वधस्तंभाला जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती, येशूला डोळ्यांनी बघितलेली माणसं जिवंत होती.

आणि ही माणसं कशी होती हे पण लक्षात घे. लुस्त्र गावात लोकांनी पौलाला आणि बर्णबाला देव समजून बैल आणले, हार आणले, तर या दोघांनी अंगावरचे कपडे फाडले आणि ओरडले की आम्ही पण तुमच्यासारखीच माणसं आहोत. कर्नेल्य नावाचा रोमन अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडला तर पेत्राने त्याला उठवलं. अशी माणसं, ज्यांना देवाशिवाय कोणाला नमन केलेलं सहन होत नव्हतं, ती येशूपुढे गुडघे टेकत होती, आणि तरी सकाळ-संध्याकाळ एकच देव म्हणत होती. येशूचा शिष्य थोमा तर येशूच्या तोंडावर म्हणाला, माझा प्रभू आणि माझा देव. यांना बहुदेव मानायची हौस नव्हती. जे बघितलं ते नाकारता येत नव्हतं आणि देव एक आहे हे सोडता पण येत नव्हतं. दोन्ही धरून ठेवायची जी धडपड पुढे तीनशे वर्षं चालली, तिचं नाव त्रैक्य. मला वाटतं हे एवढं जरी मंडळीत नीट शिकवलं असतं तर अर्धे वाद झालेच नसते, पण आपल्याकडे दर रविवारी आशीर्वादात 'प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता' ऐकतो आणि चपला शोधायला लागतो, हे दुसऱ्या करिंथकर पत्राचं शेवटचं वचन आहे आणि त्यात सगळं आहे, हे कोणी सांगत नाही.

आता प्रचारकाचं उदाहरण, एकच माणूस बाप, सर आणि मुलगा. ऐकायला सोपं वाटतं आणि म्हणूनच पटतं. त्याच्या मागची तळमळ मला समजते, देव एकच हे वाचवायचंय त्याला, आणि त्यात तो चुकीचा नाही. पण त्या उदाहरणाला गेथशेमाने बागेत घेऊन जा. येशूला पकडलं त्या रात्रीची वेळ, येशू जमिनीवर पडून प्रार्थना करतोय, अब्बा, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तो एकच माणूस जर बाप पण आणि मुलगा पण, तर तो कोणाशी बोलत होता? सर आणि बाप एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांवर प्रेम करत नाहीत, एक दुसऱ्याला पाठवत नाही. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत तर तिन्ही एका वेळी आहेत, पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि आकाशातून वाणी होते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय.

मग या प्रचारकासारखे लोक सांगतात की येशूतला माणूस येशूतल्या देवाशी बोलत होता. हे उत्तर मी ऐकलंय आणि त्याच्यावर मनापासून विचार पण केलाय, पण योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो, बापा, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. जग नव्हतं, बेथलेहेम नव्हतं, मरीयेच्या पोटचं शरीर नव्हतं, तेव्हा. तेव्हा प्रीती करणारा होता आणि ज्याच्यावर केली जाते तो पण होता. इथे माणूसपणाचा खुलासा लागू पडत नाही.

आणि बहिणी, माझ्यासाठी सगळी गोष्ट इथे येऊन थांबते. योहान लिहितो देव प्रीती आहे. प्रीती करतो एवढंच नाही, प्रीती आहे. आपण नव्हतो, देवदूत नव्हते, चांदणं नव्हतं, सातपुडा नव्हता, तापी नव्हती, तेव्हा देव कोणावर प्रीती करत होता? एकटाच होता म्हटलं तर प्रीती करायला त्याला आपली गरज पडली असं होतं, मग त्याने आपल्याला स्वतःची कमी भरून काढायला बनवलं असं होतं. मी असा देव मानू शकत नाही. पिता पुत्रावर आत्म्यामध्ये आधीपासून प्रीती करत होता, काही कमी नव्हतं, भरून वाहत होतं, आणि आपण त्या भरलेपणातून आलो. म्हणून ती प्रीती फुकट आहे, कृपा आहे. तुझ्या मुलीला हे कधीतरी तुझ्या शब्दांत सांग, आत्ता नाही कळलं तरी राहील तिच्या मनात.

एकाच माणसाची तीन कामं, हा विचार पण नवीन नाहीये. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सबेलियस नावाचा माणूस साधारण असंच शिकवायचा. त्याच काळात कार्थेजच्या तर्तुल्लियनने, ३२५ च्या शंभर वर्षं आधी, अशाच मताच्या एकाविरुद्ध लिहिलं की याने तर पित्यालाच वधस्तंभावर दिलं. आताची जी 'फक्त येशूच्या नावात' वाली चळवळ आहे ती १९१३ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या एका शिबिरातल्या बाप्तिस्म्यावरच्या उपदेशातून सुरू झाली, पुढच्या वर्षी परत बाप्तिस्मे घ्यायला लागले आणि १९१६ मध्ये पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) लोकांत यावरूनच मोठी फूट पडली. म्हणजे हे भांडण पेंटेकॉस्टल विरुद्ध बाकीचे असं पण नाही, जगातले बहुतेक पेंटेकॉस्टल त्रैक्यच मानतात, तुझ्या सासूबाईंना हे माहीत नसेल कदाचित.

दत्ताचं बोलू आता. त्या मॅडमना तोडून बोलू नकोस, त्यांनी जवळीक म्हणून म्हटलं. पण फरक विचारला तर शांतपणे सांग. दत्ताच्या कथेत ब्रह्मा, विष्णू आणि महेश आधी वेगवेगळे आहेत, अनसूयेच्या घरी येतात आणि मग एका रूपात येतात. तिघे होते, ते एक झाले. आपण जे मानतो ते त्या दिशेने जात नाही. आपल्याकडे तिघे कधी वेगळे नव्हतेच की त्यांना जोडावं लागेल, एकच देव, आधीपासून एकच, आणि तो आतून असा आहे की पिता आहे, पुत्र आहे, आत्मा आहे. आणि एक गोष्ट, तुझ्या तालुक्यातल्याच सारंगखेड्याचा दत्त एकमुखी आहे, दत्त जयंतीला एवढी मोठी यात्रा भरते, घोडेबाजार भरतो, तू बघितलंच असशील. आणि आपल्या खान्देशात गावोगाव महानुभाव आहेत, ते परमेश्वर एकच मानतात, बाकी देवतांची भक्ती करत नाहीत, त्या बाबतीत भारी कडक लोक. म्हणजे देव एकच म्हणणं हे इथे कोणाला परकं नाहीये. फक्त महानुभाव त्या एका परमेश्वराचे पाच अवतार मानतात, पंचकृष्ण, आणि ऐकणाऱ्याला येशू पण तसाच एक अवतार वाटतो. तिथे प्रेमाने सांगायचं की पुत्र हे पित्याने घेतलेलं रूप नाही, पित्याने पुत्राला पाठवलं. एवढं पुरे, स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत याच्यापुढे जायची गरज नाही.

शिपाई काकांचा प्रश्न मात्र सोडू नको, तो खरा प्रश्न आहे आणि चौथ्या शतकात अब्लाबियस नावाच्या माणसाने निस्साच्या बिशप ग्रेगरीला पत्र लिहून अगदी हाच विचारला होता. पेत्र, याकोब, योहान तिघांचं माणूसपण एकच तरी आपण तीन माणसं म्हणतो, मग पिता, पुत्र, आत्मा तीन देव का नाही? ग्रेगरीने लांब उत्तर दिलं, त्याचा गाभा मला फार आवडतो. तो म्हणतो, माणसांत एकच धंदा करणारे दोघे असले तरी प्रत्येक जण आपलं आपलं काम करतो, शेतकऱ्याचं शेत वेगळं, चांभाराची चप्पल वेगळी, म्हणून ते अनेक. देवात असं नाही. एकही काम असं नाही जे पित्याने एकट्याने केलं आणि पुत्र बाजूला बसला. प्रत्येक काम पित्यापासून निघतं, पुत्रातून येतं आणि आत्म्यात पूर्ण होतं, काम एकच, जीवन देणं एकच, म्हणून देव एकच. काकांना एवढंच सांग की काका, तिघांत वाटणी नाहीये. भाऊबंदकीत जमिनीच्या वाटण्या बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

आणि एवढं सांगूनही सगळं डोक्यात बसणार नाही, माझ्याही बसत नाही, कोणाच्याच बसलेलं नाही. जुन्या काळचा बिशप ऑगस्टिन याने त्याच्यावर वर्षानुवर्षं घालवली आणि लिहिलं की तीन म्हणजे तीन काय असं विचारलं तर आम्ही 'तीन व्यक्ती' म्हणतो, ते सगळं सांगून झालं म्हणून नाही, गप्प बसायला नको म्हणून. पंडिता रमाबाईंना तर बाप्तिस्म्यानंतर हाच प्रश्न छळत होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला आणि पुढे चेल्टनहॅमला असताना त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रातून अक्षरशः भांडल्या, त्रैक्य कसं मानू, येशू देव कसा, मला माझ्या बुद्धीने पटलं पाहिजे, दुसऱ्याने सांगितलं म्हणून मानणार नाही. आणि त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. तेव्हा प्रश्न पडले म्हणून तुझा विश्वास कमी झाला असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नको.

बाप्तिस्मा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूच्या नावाने बाप्तिस्मा असं लिहिलंय हे खरं आहे, दुसऱ्या अध्यायात आहे, आठव्यात आहे, दहाव्यात आहे. पण मत्तयाच्या शेवटी खुद्द येशू सांगतो की पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या. प्रेषितांनी त्याची आज्ञा मोडली असं तर म्हणता येत नाही. कृत्यांमध्ये हा बाप्तिस्मा कोणाच्या अधिकाराने आहे ते सांगितलंय, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा नाही, येशूचा. एकोणिसावा अध्याय वाच, इफिसला काही शिष्य भेटतात, ते म्हणतात पवित्र आत्मा आहे हे आम्ही ऐकलं पण नाही, आणि पौल लगेच विचारतो, मग तुमचा बाप्तिस्मा कशाचा झाला? म्हणजे ख्रिस्ताचा बाप्तिस्मा झालेल्या माणसाने आत्म्याचं नाव ऐकलेलं असणारच असं पौल धरून चालतो. मला हे वचन या वादात सगळ्यात बोलकं वाटतं आणि कोणी काढतच नाही.

३१४ मध्ये, निकियाच्या पण आधी, आर्लच्या परिषदेने ठरवलं होतं की दुसऱ्या गटातून कोणी आला आणि त्याचा बाप्तिस्मा पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल तर परत द्यायचा नाही. आजही कॅथलिक असो की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असो, हेच धरून चालतात. तू चौदाव्या वर्षी स्वतःच्या मनाने उभी राहिलीस, पाणी झालं, नाव झालं. आता परत घेणं म्हणजे त्या दिवशी देवाने काही केलंच नव्हतं असं कबूल करणं, आणि ते खोटं होईल. सासूबाईंना खूश करायला पाण्यात उतरू नको. बाप्तिस्मा कोणाला खूश करायला घेत नसतात, आणि नंतर हे तुला खात राहील.

पण सासूबाईंशी वाद पण घालू नको. त्या बाईला तुझी काळजी आहे, तुझं तारण होणार नाही असं तिला खरंच वाटतंय, ती तुला छळायला सांगत नाहीये. तिला म्हण, आई, मी येशूलाच मानते, येशूच्या आज्ञेनेच माझा बाप्तिस्मा झालाय, परत घेतला तर माझ्या मनाला लागेल. चार वेळा सांगावं लागेल, तेच शब्द वापर, आवाज चढवू नको. सभेला जायला सांगतात तर गाणं-प्रार्थनेला बस, स्वयंपाकाला हात लाव, पण तिथे तुझ्या बाप्तिस्म्यावर चर्चा सुरू झाली की नम्रपणे सांग की हा माझा आणि देवाचा विषय आहे. प्रचारक घरी येऊन बसला तर एकटीने तोंड देऊ नको, नवऱ्याला बाजूला बसव.

नवरा गप्प आहे ते मला खटकतंय. गप्प बसणं म्हणजे तुझ्या विरोधात असणं असं नाही, बऱ्याचदा आई आणि बायको यांच्या मध्ये पुरुष असाच बसतो. पण या बाबतीत त्याने बोललं पाहिजे, कारण नाताळाची तारीख घरात ठरवली गेलीय आणि तू एकटी पडतेस. त्याला भांडण म्हणून विषय काढू नको. रात्री मुलगी झोपल्यावर दोघं मिळून योहानाचा सतरावा अध्याय मोठ्याने वाचा, एक वचन तू, एक त्याने, आणि मग फक्त विचार, यात येशू कोणाशी बोलतोय? त्याला काय वाटतं ते त्याला सांगू दे, तू लगेच उत्तर देऊ नको.

माहेरच्या मंडळीत बाप्तिस्म्याची नोंदवही असते, पुढच्या वेळी नवापूरला गेलीस की पाळकांकडून दाखला लिहून घे आणि जपून ठेव. मुलीच्या वेळी पण लागेल.

आणि मुलीला काय सांगायचं. तिघांना वेगवेगळी नको, असं सांग. आपण बापाशी बोलतो. येशूने आपल्याला त्याच्याकडे न्यायला हात धरलाय म्हणून येशूच्या नावाने बोलतो. आणि बोलायला शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आतून मदत करतो, रोमकरांच्या आठव्या अध्यायात पौलाने हेच लिहिलंय. येशूलाच हाक मारावीशी वाटली तर बिनधास्त मार, पहिला ख्रिस्ती शहीद स्तेफन याने मरताना प्रभू येशू म्हणूनच हाक मारली होती. एकाला हाक मारली की दुसरा रुसतो असं तिथे नाहीये. तू पण असंच कर, आज रात्रीपासून. अडखळलीस तर 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून सुरुवात कर, ती प्रार्थना येशूनेच शिकवलीय.

सासूबाई काय म्हणाल्या आणि नवऱ्याने सतरावा अध्याय वाचला का, ते कळव. मी वाट बघते.

तुझी ताई